शेंदराची खोळ

८ ऑगस्ट १९६४

ही डायरी जिनिंगच्या मुनीमजीनं मागच्या दिवाळीले दिलती. आतापर्यंत कोरीच पडून होती. आज उघडली. घरात बोलाले माणसं नाहीत असं नाही, पण बोलावंसं वाटून नाही राह्यलं. कागद बरा. मधात हुंकार देत नाही, अन् "धीर धर बापा" बी म्हणत नाही.

बा गेला. काल तेरवी झाली. खेमसिंग राठोड, आमच्या तांड्यातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. सकाळी गोठ्यात बैलाले खरारा करता करता खाली बसला अन् बसलाच. मी दिग्रसले गोदामात सरकीच्या पोत्याचं वजन करत होतो. निरोप आला तवा हातातलं पोतं पुरतं काट्यावर चढवलं, आकडा लिहिला, मंगच निघालो. असं काहून केलं, माहीत नाही.

लोक म्हणून राह्यले, पोरगा रडला नाही. नाही रडलो. अठ्ठेचाळीस वर्षाचा बाप्या आहो, येतच नाही तर काय डोळ्यात कांदा पिळू? यवतमाळच्या दवाखान्यात एकदा सुई देऊन दात काढला होता. तवा गाल आपला वाटत नव्हता, चिमटा घेतला तरी दुसऱ्याचाच. आता सारं अंग तसं झालं आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यात राह्यली. बाया याडीच्या, मह्या मायच्या, बांगड्या उतरवाले आल्या. मनगटातल्या काचेच्या फोडल्या. मंग एका पोरीनं इचारलं, "अन् दंडातला चुडा?" तर बिजलीफुफी, बाची बहीण, फटकन म्हणे, "तिचा एकदा फुटला तो फुटला. आता कायचा चुडा?"

खरंच की. तांड्यातल्या साऱ्या म्हाताऱ्यायच्या दंडात खांद्यापर्यंत पांढरा चुडा असते. मह्या याडीच्या दंडात मी तो कधी पाह्यलाच नाही. पडली असन कधी, फुटला असन.

१४ ऑगस्ट

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आज ठाण्यातला नानाजी जमादार आला. ओसरीत बसला, दोन भाकरी खाल्ल्या, बाच्या नावानं सुस्कारा टाकला, अन् मंग म्हणे, "प्रेमसिंग, ते पिस्तूल."

"कोणतं?" मी म्हटलं. उगाच.

"आता मले इचारतं का? खेमसिंग होता तवर आमी डोळे झाकले. आता कायदा नवा, फौजदार नवा. बिनापरवान्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही गा. कागद कर, नाही तर जमा कर."

ते पिस्तूल आमच्या घरातला देव आहे. लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखाली राह्यते, दसऱ्याले पाटावर येते. कुऱ्हाड, विळा, भाला अन् मधात ते. तूप लावाचं, वरून शेंदूर लावाचा. मले समजाले लागलं तवापासून शेंदूर मीच लावतो. बानं कधीच लावला नाही. मी लहान होतो तवा मह्या हाताले हातसुद्धा लावत नव्हता. दूर उभा राह्यचा अन् म्हणायचा, "लाव. जाड लाव." मी डावखुरा. एकदा तांड्याचा नाईक म्हणे, "खेमसिंग, देवाले डावा हात?" बा म्हणे, "त्याले तोच हात पाह्यजे." त्या अख्ख्या दिवसातलं बाचं बोलणं तेवढंच.

ज्या साली मी दिग्रसच्या शाळेत इंग्रजी अक्षरं शिकलो, त्या साली तर त्यानं दसऱ्याले लावून घेतला अन् दिवाळीले पुन्हा. मी म्हटलं, बा, पुरे आता, ढेकूळ झालं. म्हणे, "जाड लाव." बोटं दुखेपर्यंत लावला. अशा माणसाचं काय करावं?

गोष्ट साऱ्या तांड्याले पाठ आहे. इंग्रजायच्या पहिल्या मोठ्या लढाईत आमची माणसं खच्चर पलटणीत समुद्रापार बसऱ्याले गेलती. बैलावर मीठ वाहणाऱ्यायची जात, खच्चर काय जड आहे? तिथं एक साहेब गोळी लागून पडला. राठोडायच्या पोरानं त्याले खच्चरावर घालून रात्रभरात छावणीत आणला. साहेबानं आपलं पिस्तूल बक्षीस देलं. बा स्वतः ही गोष्ट कधी सांगत नव्हता. मी लहानपणी इचारलं का उठून बैलाकडे जाये. मले वाटे, मोठा गर्व आहे याले.

जमादार गेल्यावर याडी म्हणे, "देव चालला का घरातून?"

मी म्हटलं, "नाही जाऊ देत."

"दसऱ्याले मी कोणासमोर बसू, सांग."

"याडी, मी शब्द देतो. नाही जाणार." देऊन बसलो शब्द.

१७ ऑगस्ट

दिग्रसचं ठाणं. फौजदार पुण्याकडचा, तरणा. मी फडकं सोडलं तर तो मागंच सरकला. "हे पिस्तूल आहे की म्हसोबा?"

त्याचं चूक नाही. लाल ढेकूळच ते. नळी कुठची अन् मूठ कुठची, आमाले सवयीनं समजते एवढंच.

माणूस वाईट नाही. म्हणे, "हे कुठलं, कोणाचं, चालतं की बंद, हे कळल्याशिवाय मी वर काय लिहू? आधी साफ करा. लोहाऱ्याला विठ्ठलराव म्हणून निवृत्त सुभेदार राहतात, त्यांच्याकडून ओळख पटवून आणा. जमादार बरोबर येतील. दसऱ्याच्या आत निकाल लावू."

देवाले साफ करा म्हणे. घरी कोणत्या तोंडानं सांगू?

१९ ऑगस्ट

गोदामात गेलो. पाणी झिमझिम. काही नाही.

२३ ऑगस्ट

आज झालं ते.

मी चाकू घेतला तर याडी ओरडली, "देवाची कातडी सोलतं का रे?" मह्यी बायको सुखी तिले समजावाले गेली तर तिलेबी बोलली. मी चाकू ठेवून ओसरीत गेलो. थोड्या वेळानं याडीनंच हाक मारली. चुलीवर तूप कोमट केलं होतं. पिस्तूल मांडीवर घेतलं अन् न्हाऊ घालतात तसं बोटानं तूप जिरवत बसली. म्हणे, "लोखंड लागू देऊ नका. सुटन ते."

अन् सुटलं बापा. दुपारपर्यंत कडा सुटल्या अन् मंग कवच दोन फाकात निघालं, भुईमुगाच्या शेंगेचं टरफल निघावं तसं. खाली काळं, गंजलेलं, लहानसं काहीतरी. एवढंसं होतं ते? मी जन्मभर ज्याच्या पाया पडलो ते एवढंसं?

मी उलटसुलट करून पाहत होतो तर याडीचं बोट सरळ मुठीवर गेलं. "इथं पाहा. इथं."

तिथं चांदीची बारीक पट्टी होती. पदरानं पुसली. इंग्रजी अक्षरं. मी जुळवत जुळवत मोठ्यानं वाचलं. अमरसिंग. मंग ड्रायव्हर, खच्चर पलटण, बसरा, १९१६. खाली साहेबाचं नाव, ते झिजलं आहे.

अमरसिंग म्हटलं तशी याडी "हो" म्हणे. कोणी हाक मारल्यावर म्हणतात तसं.

मी इचारलं, "तुले कसं ठाऊक पट्टी कुठं आहे ते?"

"म्हातारं माणूस हावो. देवाचं ठाऊक राह्यते."

कवचाच्या फाका अन् चुरा, सारं तिनं बारीक बारीक वेचून दुसऱ्या एका फडक्यात बांधलं. नदीत सोडाचं असन.

२४ ऑगस्ट

अमरसिंग म्हणजे बाचा थोरला भाऊ. बसऱ्याले गेला तो तिकडंच तापानं मेला. मले त्याचं एवढंच माहीत. दिवाळीले निखाऱ्यावर तूप-गूळ टाकून पितरायची नावं घेतात, त्यात त्याचं नाव पहिलं.

म्हणजे साहेबाले त्यानं आणलं. बक्षीस त्याचं. अन् माहा बाप पंचेचाळीस वर्ष भावाची शाल पांघरून बसला, लोकायले "नाही" म्हणाले तोंड उघडलं नाही. राग याले पाह्यजे होता. तोबी नीट आला नाही. सुखीनं वाढलं, जेवलो.

३० ऑगस्ट

नानाजीसंग यष्टीनं यवतमाळ, तिथून लोहारा. पिस्तूल भाकरीच्या पिशवीत. कंडक्टरनं पिशवी वर टाका म्हटलं तर नानाजी म्हणे, "राहू द्या, त्याच्यात देव हाय." कंडक्टरनं पिशवीले हात जोडले. नानाजीले यवतमाळपर्यंत हसू आवरलं नाही. मीबी हसलो असन.

सुभेदार विठ्ठलराव पिकल्या मिशांचा माणूस, अंगणात पेरूची झाडं. पिस्तूल पाह्यलं अन् ताठच बसला. "वेबले. सहा गोळ्यांचं. साहेब लोकांचं हत्यार हे, मधातून मोडते." मोडून पाह्यलं, मोडलं नाही. "आता नाही मोडत. तूप अन् शेंदूर आत जाऊन दगड झाला. पूजा करकरून तुमी याले मारून टाकलं राजेहो." पण रागानं नाही म्हणाला. नळीखालचा नंबर भिंगानं पाह्यला, पट्टी पाह्यली, म्हणे, "खरी हाय. चोरीचं नाही, इनामाचं हाय, मी लिहून देतो."

मंग मूठ उन्हाकडे धरली. "हे पाहा, ही बाजू झिजली. ज्याच्या कमरेले हे होतं तो डावखुरा."

म्हणजे अमरसिंगच. बा तर उजव्या हातानं सारं करे.

चहा आला. मी कप उचलला. सुभेदार मह्या हाताकडं पाहत राह्यला, मंग तोंडाकडं. म्हणे, "हातच्या काकणाले आरसा कायले?" मी इचारलं, काय म्हणता? म्हणे, "काही नाही. चहा घ्या." म्हातारी माणसं मधातच काहीबी बोलतात.

पोळा

बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल घातली. बाचा खरारा गोठ्यात खुंटीले तसाच आहे. बसऱ्याहून आणलेला. त्याची ती एकच वस्तू खरी म्हणाची आता. बैलानं मान वळवून मागं पाह्यलं, कोण आलं ते. मी होतो.

११ सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी ठाण्यात गेलतो. फौजदारानं सुभेदाराचा कागद वाचला. "ओळख पटली. हत्यार अमरसिंगचं. तुम्ही त्यांचे कोण?"

"पुतण्या."

"त्यांना मूल?"

"नाही."

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. "अवघड आहे. मुलगा असता तर वारस म्हणून मी शिफारस केली असती. निकामी हत्यार, इनामाचं, वर कोणी अडवलं नसतं. पुतण्यासाठी माझ्यानं होणार नाही. सरकारजमा करावं लागेल."

घरी आलो. याडी जात्यावर बसली होती. सांगतलं तिले. जातं थांबलं नाही. दळता दळताच म्हणे, "पोरगा हाये ना."

"कोणाचा?"

"अमरसिंगचा."

"कुठं हाय?"

"माह्यासमोर उभा हाय."

मंग जातं थांबलं.

तिनं सांगतलं ते असं. दोघं भाऊ एकाच पलटणीत गेले. अमरसिंग तिचा नवरा. मी पोटात होतो. गेला तो परत आला नाही. खेमसिंग आला, पिस्तूल अन् खरारा घेऊन. धाकट्या दिरानं भावजयीले घरात घेणं आमच्यात रीत आहे, पंचायत बसली, नाईकानं हो म्हटलं, झालं. चुडा फुटला तो अमरसिंगचा. दुसऱ्यांदा चुडा भरत नाहीत. मी तवा रांगत होतो. शाळेत नाव खेमसिंगचं लागलं, सातबाऱ्यावर त्याचंच.

"अन् मले कोणी सांगतलं नाही?"

बिजलीफुफी दारात येऊन बसली होती. म्हणे, "साऱ्या तांड्याले माहीत हाय. तू कधी इचारलं का? यात सांगाचं काय होतं? पोरगं घरातलं घरातच राह्यलं."

याडी म्हणे, "मी चालतो ठाण्यात. शपथ घेतो. तू अमरसिंगचा. देव घरी राहीन."

१३ सप्टेंबर

माणसाले मोठा धक्का बसाले पाह्यजे. मले नाही बसला. गोदामात पोती उचलली, संध्याकाळी वावरात तुरीत डवरणी पाह्यली. तूर चांगली आहे.

फक्त एक समजलं. तो माहा हात काहून धरत नव्हता ते. मी त्याचा नव्हतोच. दुसऱ्याचं पोरगं, दुरून पाहाचं, जेवू घालाचं, शाळेत घालाचं. कर्तव्य केलं बिचाऱ्यानं. अन् मले त्याचं रडू येत नव्हतं, तेबी ठीकच झालं म्हणाचं. हिशेब बरोबर.

मंग बरं वाटाले पाह्यजे होतं. तेबी नाही वाटलं.

१० ऑक्टोबर

याडीनं आज ठेवणीतली कांचोळी घातली, आरसे जडवलेली चोळी. म्हातारी नटली म्हणून फुफीनं थट्टा केली तर लाजली. अडुसष्ट वर्षाची बाई लाजली. बैलगाडीनं दिग्रसले गेलो. वाटेत म्हणे, "तुह्या कानाची पाळी त्याच्यावाणीच हाय." एवढ्या वर्षात पहिल्यांदा.

फौजदारानं दोघायले खुर्च्या देल्या. कागद पुढं ओढला. नानाजी खिडकीपाशी.

"नाव?"

"प्रेमसिंग."

"वडिलांचं नाव?"

मले एवढंच सांगाचं होतं. पाच अक्षरं. रस्ताभर तोंडात घोळवली होती.

मी म्हटलं, "खेमसिंग."

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. त्याले साऱ्याचा अंदाज आला होता, नानाजीनं सांगतलं असन. हळूच म्हणे, "घाई नाही. नीट विचार करून सांगा. मी पुन्हा विचारतो. वडिलांचं नाव?"

"खेमसिंग."

दुसरं नाव तोंडातून निघेचना. मी खोटं बोललो का खरं, ते मले आताबी सांगता येणार नाही. गोठ्यातला बैल मान वळवून पाहत होता तेच डोळ्यासमोर आलं.

पिस्तूल गेलं. चिठ्ठी बांधून कपाटात. याडीनं उठताना त्याच्यावर एकदा हात ठेवला. पट्टीवर. नानाजीनं तोंड फिरवलं.

गाडीत मी म्हटलं, "याडी, मी शब्द मोडला."

ती म्हणे, "ज्याचं जळते त्याले कळते." लाल फडकं रिकामं होतं, त्याची घडी करत होती, सोडत होती, पुन्हा करत होती.

१२ ऑक्टोबर

याडी जेवत नाही. कांचोळी पेटीत गेली. सुखी म्हणते, "तुमी तुमच्या बापाले राखलं, पण तिचा नवरा कपाटात घालून आले." बायको असं बोलते. मले तिच्या नवऱ्याची आठवणच आली नव्हती. देव जाईन एवढंच मी समजून होतो. लाज वाटते.

दसरा

पाट मांडला. कुऱ्हाड, विळा, भाला. मधात जागा रिकामी. मी सवयीनं तीच सोडली होती. शेंदराची वाटी हातात घेऊन उभा राह्यलो, खुळ्यावाणी.

याडी आतून आली. हातात ते लाल फडकं. बसली, सोडलं.

ती खोळ होती. शेंदराचं कवच. नदीत सोडलंच नव्हतं तिनं. एक फाक तिनं मह्या हातावर ठेवली. हलकी, टरफलावाणी. आतून पाह्यलं तर मुठीच्या जागी अक्षरं उमटलेली, उलटी. अमरसिंग. अन् फुटल्या कडेले थर दिसत होते, एकावर एक, एकावर एक, दर सालचा एक. एका जागी थर दुप्पट जाड.

"हा कोणता?" मी इचारलं. मले ठाऊक होतं तरी.

"तू इंग्रजी शाळेत गेला तवाचा." याडी दुसरी फाक तुपा-मेणानं सांधत होती. "दिवाळीले पुन्हा लावून घेतलता त्यानं."

"काहून पण?"

"भेत होता."

"कायले? बा कायले भेन?"

"तू वाचशीन म्हणून." तिनं मह्या हातातली फाक घेतली अन् दुसरीवर बसवली. "मले म्हणे, हंसा, पूजा त्याच्याच हातची पाह्यजे, हत्यार त्याच्या बापाचं हाय. मी हात लावणार नाही. पण नाव दिसू नये. नाव दिसलं तर माहा पोरगा जाईन."

माहा पोरगा.

मी वाटी खाली ठेवली. म्हणजे तो दूर उभा राह्यचा ते. म्हणजे जाड लाव, जाड लाव म्हणे ते. मी त्याले काय समजलो होतो अन् काय निघालं. अन् मरेपर्यंत एका शब्दानं बोलला नाही, हा माणूस.

याडीनं खोळ पाटावर ठेवली, मधातल्या जागी. बाहेरून तेच पिस्तूल. आत आता काही नाही. मंग गोठ्यातून तिनंच आणलेला खरारा तिनं त्याच्या बाजूले ठेवला अन् म्हणे, "लाव."

मी डावा हात वाटीत घातला. पहिलं बोट खोळीवर ओढलं. दुसरं खराऱ्यावर. वाट पाह्यली, मागून कोणी म्हणते का. कोणी नाही म्हटलं. तरी जाड लावला. लावता लावता दिसेनासं झालं, अन् तवा समजलं, मी रडून राह्यलो. मोठ्यानं. तांड्यातली माणसं दारात जमली. फुफी म्हणे, बाप जाऊन अडीच महिने झाले, आता रडते का हा?

याडी म्हणे, "रडू दे. बाप गेला त्याचा."